हा कोणाच्या बाजूचा?

शंकेखोर : हातभरसुद्धा उंची नसलेल्या मातीच्या एका शिपायापायी इतकं भारावून जाण्यासारखं काय आहे, ते एकदा मला नीट सांग. शिंच्यांगमधल्या काराशहरजवळच्या मिंग-ओईच्या पडक्या मंदिरांतून पुरातत्त्वसंशोधक ऑरेल स्टाइनने १९०७च्या डिसेंबरात असे ढीगभर तुकडे गोळा केले. मुंडकी, धडं, हात, घोड्यांचे पाय. त्यातलाच हा एक. काळ साधारण आठव्या शतकाचा, थोडा अलीकडे-पलीकडे. त्याच काळात आपल्याकडे वेरूळचं कैलास कोरलं जात होतं. तिथे डोंगर पोखरून देऊळ काढत होते आणि इथे साच्यात चिखल थापून बाहुल्या करत होते. मला तरी यात फार काही दिसत नाही.

रसिक : तू लांबून बघतोयस म्हणून. जवळून बघ. आधी अंगरखा. गळ्यापासून मांड्यांपर्यंत सगळं अंग लांबट पट्ट्यांच्या ओळींनी झाकलंय. प्रत्येक पट्टी मातीत वेगळी उठवलेली, वरची कड गोलसर. कमरेला पट्टा करकचून आवळलाय आणि त्याच्या खाली चिलखताचा घेर सुटतो, घोड्यावर मांड टाकता यावी म्हणून पुढून उभा चिरलेला. अशा चिलखतात खालची ओळ बहुधा वरच्या ओळीवर चढते, म्हणजे घराच्या कौलांच्या अगदी उलट. कौलं पाण्यासाठी असतात, तेव्हा त्यांचा उतार खाली. इथे घोडेस्वाराला भीती असते ती खालून वर येणाऱ्या भाल्याच्या टोकाची, म्हणून पट्ट्यांचा चढ वर. ही गोष्ट ज्याने चिलखत हाताळलं आहे किंवा निदान हाताळणाऱ्याला जवळून पाहिलं आहे, त्यालाच सुचणार. कल्पनेने काढणारा माणूस माशाचे खवले काढून मोकळा झाला असता. आणि हे सगळं कशात? गवताचे तुकडे, तंतू, केस मळून घातलेल्या मातीत, वर पातळ पांढरा लेप, त्यावर रंग. अजिंठ्याच्या भिंतींचा गिलावाही भुसा आणि तंतू घालून मळलेल्या मातीचाच. हजारो कोसांच्या अंतरावरचे हे कारागीर एकमेकांना ओळखत नव्हते, पण चिखलाला तडा जाऊ नये म्हणून काय करायचं हे दोघांनाही एकाच परंपरेतून कळलेलं होतं.

शंकेखोर : परंपरा मान्य. पण तू आता वर्णन केलंस ते चिलखताचं. आतल्या माणसाबद्दल एक शब्द बोलला नाहीस, आणि ते साहजिकच आहे, कारण आत माणूस नाहीच. ही मूर्ती म्हणजे कपडे टांगायची खुंटी. आणि चिलखताचा पुरावा म्हणूनही मी ती सहजासहजी धरणार नाही. शिल्पकाराने समोर शिपाई उभा करून ती घडवली, असं तू गृहीत धरतोस. धर्माच्या कामात असं कधी होतं का? तिथे आधीच्या मंदिरातली मूर्ती बघून पुढची करतात. लाहोरच्या संग्रहालयात गांधारचा तो दगडी पट आहे, बुद्धावर चालून आलेल्या माराच्या सैन्याचा. त्यातल्या शिपायांच्या अंगावरही खवल्यांचं चिलखत आहे, आणि तो ह्याच्या कित्येक शतकं आधीचा. गांधारातून कुचा, कुचाहून काराशहर, असा नमुना एका कारागिराच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला असेल. मग तू ज्याला आठव्या शतकाचं चिलखत म्हणतोस, ते तिसऱ्या शतकाचं असू शकतं, किंवा कोणत्याच शतकाचं नसेल.

रसिक : नुसता नमुना पुढे गेला असता तर तो झिजत गेला असता. नकलेची नक्कल होताना आधी काय हरवतं? ज्याचा उपयोग कळत नाही ते. पट्ट्यांचा चढ खाली झाला असता, चीर बुजली असती, घेर नुसता झालरीसारखा राहिला असता. इथे उपयोगाची प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आहे. शिवाय खरं चिलखतही सापडलंय. स्टाइननेच त्याच मोहिमेत, त्याच वर्षी, तिथल्या वाळवंटाच्या दक्षिण कडेला मिरानचा तिबेटी किल्ला खणला. तिथल्या कचऱ्यात चामड्याच्या पट्ट्या निघाल्या, लाल-काळ्या लाखेच्या रोगणाचे थर चढवलेल्या, कडेला वादी ओवायची भोकं असलेल्या. तो किल्ला आठव्या-नवव्या शतकातला. म्हणजे आपला शिपाई घडत होता त्या सुमाराला तसलं चिलखत त्या मुलखात अंगावर घातलं जात होतं, फाटत होतं, दुरुस्त होत होतं आणि शेवटी उकिरड्यावर पडत होतं. आणि काराशहर काही आडबाजूचं गाव नव्हतं. तुर्फान आणि कुचा यांच्या मधलं राज्य, व्यापारी रस्त्यावरचं. ६४४मध्ये तांग फौजांनी ते घेतलं, ६४८मध्ये पुन्हा घेतलं. पुढे ते चिन्यांच्या चार पश्चिमी ठाण्यांतलं एक ठाणं झालं. त्यावरून तिबेटी आणि चिनी झुंजत राहिले, नंतर उइगुर आले. तिथल्या मूर्तिकाराला शिपाई बघायला लांब जावं लागत नव्हतं. तो दारावरून रोज जात होता, आणि कधीकधी दार फोडून आत येत होता.

शंकेखोर : हे चांगलं बोललास. पण तुझ्याच बोलण्यातून माझी दुसरी शंका निघते. साचे. बर्लिनच्या संग्रहात ह्याच जागेवरून, म्हणजे शोरचुकहून, नेलेले गिलाव्याचे साचे आहेत. चेहऱ्याचे, केसांच्या बटांचे, दागिन्यांचे, अवयवांचे. एका साच्यातून चेहरा, दुसऱ्यातून धड, तिसऱ्यातून हात, आणि मग सगळं ओलं असताना जोडून टाकायचं. तोच चेहरा मुकुट घातला की बोधिसत्त्व, मिशा काढल्या की राजा, शिरस्त्राण चढवलं की तुझा योद्धा. मग तू ज्याच्याकडे ‘चिलखत हाताळलेला माणूस’ म्हणून बोट दाखवतोस, तो साचा करणारा एकच. त्याने कधीतरी एकदा नीट पाहिलं. बाकीच्यांनी फक्त माती दाबली. हे कारखान्याचं काम झालं, आणि तू त्याला शिल्प म्हणतोस.

रसिक : पेणला गणपतीच्या कारखान्यात कधी गेलायस? एका साच्यातून शे-दोनशे मूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी करणारा वेगळा असतो, आणि त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय मूर्ती देवाची होत नाही. गिऱ्हाईकही चेहरा बघून मूर्ती निवडतं, साचा बघून नाही. इथेही साच्यातून निघाल्यावर पुढचं काम होतं. कोरणीने पट्ट्यांच्या कडा धारदार करायच्या, पट्ट्याची गाठ वेगळी लावायची, मान जराशी वळवायची. वर लेप, आणि मग रंगारी. ह्या मूर्तींमध्ये आपल्याला साचा इतका ठळक दिसतो, कारण शेवटचा हात फिरवणाऱ्याचं काम, म्हणजे रंग, जवळजवळ सगळा गेलाय. उरलेत ते डाग. सांदीत थोडा लाल, घडीत थोडा निळा. त्या काळच्या, कुचाजवळच्या किझिलच्या लेण्यांमध्ये बदख्शानहून आणलेला लाजवर्द भिंतींवर भरून वापरलाय. मिंग-ओईच्या रंगाऱ्यांनाही निळ्याचा मोह कमी नसणार. तू नागव्या मूर्तीवरून कारागिराला जोखतोयस.

शंकेखोर : आणि तो रंग का गेला, हे तू सोयीस्करपणे सांगत नाहीस.

रसिक : सांगतो की. आगीने. मिंग-ओईची कितीतरी मंदिरं जळाली. लाकडी छतं, तुळया पेटून खाली आल्या आणि आत भट्टीच झाली. ह्या मूर्ती कच्च्या मातीच्या होत्या, भाजायच्या नव्हत्याच. पण त्या भट्टीत त्या भाजल्या गेल्या आणि विटेसारख्या टणक झाल्या. स्टाइननेच हे नोंदवलंय. ज्या मंदिरांना आग लागली नाही तिथल्या मूर्तींचं काय झालं? तो मुलूख वाळवंटाच्या कडेचा असला तरी खारट, दलदलीचा. जवळच बोस्तेनचं मोठं सरोवर. पाऊस, बर्फ, खाराचा ओलावा यांनी कच्ची माती ढासळत गेली. म्हणजे जे मंदिर जळलं त्याच्याच मूर्ती टिकल्या, आणि जे वाचलं त्यातल्या विरघळल्या. मला ह्यात एक विचित्र न्याय दिसतो.

शंकेखोर : न्याय कसला? हा निव्वळ योगायोग. तू त्याला उगाच तत्त्वज्ञानाचं अस्तर लावू नकोस. ह्यातून निघतं ते एवढंच, की आपल्या हातात आलेला नमुना आगीने निवडलेला आहे. कोपऱ्यात, बोळात, छताखाली बरोबर पडलेलं तेवढंच उरलं. मधल्या गाभाऱ्यातला मोठा बुद्ध, ज्याच्यासाठी हे सगळं उभारलं, तो कुठेय? त्याचे कुठे कान, कुठे बोटं. आणि आपण मात्र भिंतीच्या कडेच्या पट्टीतल्या ह्या शिपायाला उचलून त्या काळची कला म्हणून मिरवतोय. त्यात रंग उडालेला. आता संगणकावर कोणीतरी त्याला रंगवेल, लाल चिलखत, निळा अंगरखा, आणि लोक म्हणतील, बघा, असा होता! रंगाच्या बाबतीत उत्साहाने काय होतं ते आपण अजिंठ्यात पाहिलंय. निजामाच्या राज्यात १९२०च्या सुमाराला इटलीहून जाणकार आणले, त्यांनी चित्रं टिकावी म्हणून वर लाखेचा थर दिला, आणि तो थर पुढे पिवळा पडून चित्रांवरच बसला. तो काढता काढता पुढच्या पिढ्यांच्या नाकी नऊ आले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हात घाईचा होता.

रसिक : संगणकावरचा रंग पुसता येतो, भिंतीवरची लाख येत नाही. दोन्ही एका तागडीत नको टाकूस. पण तुझा मुद्दा मी टाळत नाही. खरं सांगू का, मला त्याच्या रंगापेक्षा एक वेगळीच गोष्ट छळते. तो कोणाच्या बाजूचा आहे?

शंकेखोर : म्हणजे?

रसिक : म्हणजे असं. बौद्ध मंदिरात चिलखत घातलेला माणूस तीन कथांमधून येऊ शकतो. पहिली, माराची. सिद्धार्थ बोधिवृक्षाखाली बसलाय आणि मार सगळं सैन्य घेऊन त्याला उठवायला आलाय. त्या सैन्यात राक्षस आहेत, जनावरांची तोंडं असलेले आहेत आणि साधे चिलखती शिपाईही आहेत. तुझ्या लाहोरच्या पटात आहेत तसेच. दुसरी कथा अस्थींची. बुद्ध गेल्यावर त्यांच्या धातूंसाठी राजे कुशीनगरावर फौजा घेऊन चालून आले, आणि द्रोण नावाच्या ब्राह्मणाने मध्ये पडून आठ वाटे केले म्हणून लढाई टळली. किझिलला ही गोष्ट भिंतींवर पुन्हा पुन्हा काढलीय, आणि ते राजे पट्ट्यांच्या चिलखतात, घोड्यांवर बसलेले, तिथल्या सरदारांसारखेच आहेत. तिसरे लोकपाल. चार दिशांचे राखणदार. त्यांतला वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. आपल्याकडे तो ढेरपोट्या. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात हारीतीशेजारी पांचिक बसलाय, तो यक्षांचा सेनापती, पण त्याच्या अंगावर दागिने आहेत, चिलखत नाही. मध्य आशियात खोतानकडे गेल्यावर त्याच कुळातला देव अंगभर चिलखत चढवून उभा राहतो. आता विचार कर. एकच चिलखत. मार वापरतो बुद्धाला उठवायला, लोकपाल वापरतात त्याला राखायला, आणि भक्त राजे वापरतात त्याच्या अस्थींसाठी लढायला निघताना. आपला शिपाई ह्यांतला कोण?

शंकेखोर : हा प्रश्न मात्र चांगला काढलास. आणि उत्तर तुझ्याजवळ नाही.

रसिक : तो अजिंठ्यात असता तर लगेच सांगता आलं असतं. सव्वीस नंबरच्या लेण्यात माराचा प्रसंग कोरलाय. मधे बुद्ध, एका बाजूने हत्तीवरून मार आणि त्याची फौज, खाली नाचणाऱ्या त्याच्या मुली. त्यातला एखादा शिपाई सुटा काढून तुझ्या हातात दिला तर तू म्हणशील, योद्धा. पण तिथे तो दगडाला जोडलेला आहे, जागेवर आहे, म्हणून आपण म्हणतो, माराचा माणूस. तो कुठे उभा आहे, ह्यावरून तो कोण आहे ते ठरतं.

शंकेखोर : मग आता तूच आरोपी शोधून दिलास. स्टाइन. आणि त्याच्या आधी आलेले जर्मन. ग्रुन्वेडेल आणि ल कॉक १९०६मध्ये मिंग-ओईला होते. त्यांनी लेण्यांतली चित्रं करवतीने कापून पेट्यांत भरली. नंतर १९०९-१०मध्ये ओल्डेनबुर्ग रशियाहून आला. एका देवळाची भिंत लंडनला, दुसऱ्याची बर्लिनला, तिसऱ्याची सेंट पीटर्सबर्गला. शिपाई कोणाच्या बाजूचा, हे ज्यावरून कळलं असतं ती भिंतच ह्यांनी मोडली. आणि सुरक्षित ठेवायला नेलं म्हणावं, तर बर्लिनच्या संग्रहालयाच्या भिंतीत पक्की बसवलेली मोठमोठी भित्तिचित्रं दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यांत धुळीला मिळाली. वाळवंटाने हजार वर्षं सांभाळलेलं शहराला चाळीस वर्षं सांभाळता आलं नाही.

रसिक : चित्रांच्या बाबतीत तुझं म्हणणं शंभर टक्के पटतं. करवतीचं समर्थन मी करणार नाही. ग्रुन्वेडेल स्वतःही चित्रं कापून नेण्याच्या विरुद्ध होता. नुसती रेखाटनं, मापं घ्यावीत, असं त्याचं मत होतं, आणि त्यावरून त्याचे ल कॉकशी खटके उडाले. पण मूर्तींचा हिशेब वेगळा आहे. त्या लाकडी खुंट्यांवर भिंतीला लावलेल्या होत्या. आगीत खुंट्या जळल्या तेव्हाच मूर्ती सुटून खाली ढिगाऱ्यात पडल्या. स्टाइन आला तेव्हा भिंत नव्हती, राडारोडा होता. त्याने ज्या खोलीत जे सापडलं त्यावर खूण घातली, मंदिराचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक. ‘मि. अकरा’, ‘मि. बारा’ अशा त्या खुणा. शिपायाची जागा पळवली ती स्टाइनने नाही, आगीने. स्टाइनने निदान खोली तरी सांगितली.

शंकेखोर : वकीलपत्र छान घेतलंयस. पण तिथेच उभा राहून सगळं नोंदवून, झाकून ठेवता आलं असतं, हे विसरतोस. आणि एक गोष्ट तर तुला-मला दोघांनाही टोचायला हवी. स्टाइनच्या त्या दुसऱ्या मोहिमेचे पैसे कोणाचे? पाचांतले दोन हिस्से ब्रिटिश म्युझियमचे आणि तीन हिस्से हिंदुस्थान सरकारचे. म्हणजे इथल्या शेतसाऱ्याचे, इथल्या मिठावरच्या कराचे. त्या हिशेबाने वस्तूही वाटल्या गेल्या. भारताचा वाटा आज दिल्लीत, जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कोहिनूर मागताना आपण मोठमोठ्याने बोलतो. पण उद्या शिंच्यांगमधल्या कोणी विचारलं, आमच्या मंदिरातली माणसं तुमच्याकडे काय करतायत, तर आपण काय सांगणार? साहेबाने आणली, आम्ही फक्त पैसे दिले?

रसिक : हा प्रश्न मला खरंच आवडत नाही, म्हणजे तो बरोबर असणार. पण ‘आमच्या’ म्हणजे कोणाच्या, हे इतकं सरळ नाही. ती मंदिरं बांधणारे जी भाषा बोलत होते तिला विद्वान तोखारी म्हणतात, आणि ती बोलणारा आज पृथ्वीवर कोणी नाही. ती लिहिली जात होती ब्राह्मीच्या एका रूपात. १९७४मध्ये ह्याच जागेवर तोखारी भाषेतल्या मैत्रेयाच्या नाटकाची चव्वेचाळीस पानं मिळाली, ती अक्षरं ओळखू येतात, शब्द अजिबात नाही. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग ६३०च्या सुमारास तिथून गेला. त्याने देशाचं नाव अग्नी लिहिलंय. दहाच्या वर विहार, दोन हजारांच्या वर भिक्षू, सर्वास्तिवादी पंथाचे, लिपी हिंदुस्थानच्या वळणाची. मग वारसदार कोण? त्या जागेवर आज राहणारे, ती लिपी सांभाळणारे, तो धर्म मानणारे, की ज्या सरकारचा आज तिथे अंमल आहे ते? चौघांचेही दावे खरे आणि चौघांचेही अपुरे.

शंकेखोर : वारसदार ठरत नाही म्हणून ताबा ज्याचा त्याचाच राहावा, हा तर्क लंडनलाही फार सोयीचा आहे, दिल्लीलाही. एवढंच लक्षात ठेव. पण ह्युएन त्संगचं नाव काढलंस ते बरं झालं. त्याने तिथल्या राजाबद्दल काय लिहिलंय? शूर आहे, पण डावपेचांत कच्चा, आणि स्वतःच्या पराक्रमाच्या गप्पा मारायला आवडतात. आता ह्या राजाच्या दानावर विहार चालायचे. भिक्षूंना हिंसा वर्ज्य. आणि भिंतीवर हे चिलखती लोक. मला तर सरळ दिसतं. दाता शिपाई, म्हणून भिंतीवरही शिपाई. राजाला स्वतःचं रूप बघायचं होतं, आणि भिक्षूंना राजाची मर्जी सांभाळायची होती. तुझ्या तीन कथा ह्याचा मुलामा आहेत.

रसिक : असेल. पण मग तुझ्या गप्पिष्ट राजाला कोणत्या कथेत बसवलं, हे पुन्हा महत्त्वाचं होतं की नाही? लोकपाल म्हणून काढलं तर ती खुशामत. धातूंसाठी भांडणाऱ्या राजांत काढलं तर थोडी कानउघाडणी, कारण त्या गोष्टीत राजांची अब्रू एक म्हातारा ब्राह्मण वाचवतो. आणि माराच्या सैन्यात काढलं असेल तर? रोज मंदिरात येऊन दिवा लावणाऱ्या राजाने मान वर करावी आणि बुद्धावर चालून आलेल्या फौजेच्या अंगावर आपल्याच शिपायांचं चिलखत बघावं! असं धाडस करणारे भिक्षू मला आवडतील. आपल्याला ते आवडतं म्हणून तसं घडलं असेल असं नाही, हे मलाही कळतं. आणि माराच्या कथेत एक गोष्ट अशी आहे, की फेकलेली शस्त्रं वाटेतच फुलं होतात. तेव्हा मूर्तिकाराने त्या शिपायाचा चेहरा कसा करायचा? चवताळलेला, की चक्रावलेला?

शंकेखोर : तुझ्या शिपायाचं मुंडकं साच्यातलं आहे, विसरू नकोस. चक्रावलेल्या शिपायाचा वेगळा साचा कोणी करत बसलं नसेल. पण थांब, तुझ्या खुणांचा उपयोग करू. ‘मि. अकरा’तून शिपाईही निघाला आणि राक्षसाचं डोकंही निघालं, तर झालं की काम. दोघं एका खोलीत म्हणजे माराची फौज.

रसिक : मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण राक्षसासारखे यक्ष वैश्रवणाच्या परिवारातही असतात. आक्राळविक्राळ तोंड म्हणजे माराचाच, असं नाही. शिवाय एकाच प्रदक्षिणेच्या बोळात एकापुढे एक प्रसंग लावलेले असत. इकडे मार, चार हातांवर महापरिनिर्वाण, त्याच्या मागे धातूंची वाटणी. खुंट्या जळाल्यावर सगळे एकाच ढिगात.

शंकेखोर : म्हणजे लंडन, दिल्ली, बर्लिन आणि पीटर्सबर्गने सगळे तुकडे उद्या एका पडद्यावर आणले तरी भिंत उभी राहणार नाही. हस्तलिखितांचं तसं होऊ शकतं. ब्रिटिश लायब्ररीने १९९४पासून दुनहुआंग प्रकल्पात वेगवेगळ्या देशांत विखुरलेली पानं शेजारीशेजारी आणलीच आहेत. फाटलेल्या पानाची कड दुसऱ्या पानाच्या कडेशी जुळते. पण एकाच साच्यातले वीस शिपाई कोणत्याही रिकाम्या जागी जुळतील. ज्या साच्याची तू तरफदारी करत होतास, तोच आता उत्तराच्या आड आलाय.

रसिक : पुढून बघितलं तर. पुढची बाजू साच्याची, मागची नाही. मागे माती हाताने दाबलेली असते, त्यात खुंटीचं भोक असतं, आणि ओल्या मातीवर भिंतीचा ठसा उठलेला असतो. खुंटी सरळ ठोकलेली असेल तर मूर्ती उभी होती. तिरपी असेल तर ती कोणाकडे तरी झुकत होती, धावत होती किंवा मागे पडत होती. वीस शिपायांच्या वीस पाठी वेगवेगळ्या असणार. संग्रहालयाच्या काचेतून आपल्याला नेमकं तेच दिसत नाही. सगळी छायाचित्रं समोरून.

शंकेखोर : आणि पाठ बघून तो झुकत होता असं निघालं, समजा. नमस्काराला झुकत होता की वार करायला?

रसिक : त्यासाठी हात लागतील. ते तुटलेत.

शंकेखोर : मग हात शोध. चार शहरांत सुटे हात पुष्कळ आहेत, आणि तेही साच्यातलेच.